बुधवारी भाजलेली एसटी

कराडला एका घरात दोन जावा राहत. दोघी घरीच केक करून विकायच्या. ओव्हन एक, फ्रीज एक, गिऱ्हाइकं मात्र जिची तिची. थोरलीचा हात संथ, धाकटीचा झपाझप. कलाकुसरीत धाकटी सरस, हे थोरली स्वतःच चारचौघांत सांगायची.

एकदा धाकटीकडे मोठी ऑर्डर आली. गावातले एक एसटीचालक निवृत्त होणार होते. शनिवारी संध्याकाळच्या समारंभासाठी त्यांच्या मुलीला लाल एसटीच्या आकाराचा केक हवा होता. पाटी ‘पुणे–अहमदनगर’ अशीच पाहिजे, असा तिचा आग्रह. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी याच मार्गावर धावली, हे वडील आल्यागेल्याला अभिमानानं सांगत. मुलीनं आठ दिवस आधीच पैसे देऊन ठेवले.

बुधवारी रात्री थोरलीनं आपल्या रविवारच्या ऑर्डरचा बटर स्पंज भाजला आणि जाळीवर ठेवला. तो पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये दोनदा घट्ट गुंडाळला, वरून फॉइल लावली, त्यावर तारीख घातली आणि फ्रीजरमध्ये सपाट ठेवून दिला.

“ओव्हन तापलेला आहे, तुझाही आत्ताच भाजून घे,” ती धाकटीला म्हणाली.

“नको अक्का. लोकांनी ताज्या केकचे पैसे दिलेत. मी शनिवारी पहाटे भाजीन. चार दिवसांचं शिळं माझ्याच्यानं देववणार नाही.”

धाकटीचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. गिऱ्हाइकाला उत्तम द्यावं म्हणूनच ती हटून बसली होती. पण केक शिळा होतो तो नुसता वाळून नव्हे. त्यातला स्टार्च हळूहळू घट्ट होत जातो, आणि फ्रीजच्या थंडीत तर हे फार लवकर होतं. फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, तेच जवळजवळ थांबतं. म्हणून नीट गुंडाळून गोठवलेला साधा स्पंज काही आठवड्यांनी काढला तरी मऊ निघतो.

शनिवारी पहाटे धाकटीनं केक भाजला. दहा वाजता तो हाताला गार लागला, पोटात मात्र अजून ऊब होती. तिनं सुरी घातली. पुढच्या काचेचा उतार कापताना कडा भुसभुशीत सुटू लागल्या. चाकाची कमान कोरायला घेतली आणि वरचा थर घसरला. ड्रायव्हरच्या बाजूचा अख्खा कोपरा चुरा होऊन ताटात पडला. सांधायला क्रीम लावलं, तर त्या उबेनं तेही पातळ होऊन ओघळलं. धाकटी ओट्याला टेकून मटकन खाली बसली.

थोरली काही बोलली नाही. तिनं फ्रीजर उघडून आपला रविवारचा स्पंज काढला आणि जावेपुढे ठेवला.

धाकटीनं लगेच फॉइलला हात घातला. “थांब,” थोरली म्हणाली, “गुंडाळलेलाच राहू दे. हवेतला ओलावा फॉइलवर धरेल, केकवर नाही.”

तासाभरानं फॉइलवरचे थेंब पुसून त्यांनी केक उघडला. बाहेरून जरा नरमलेला, आतून टणक. धाकटीनं दातेरी सुरी घेतली, आणि काय सांगू, सुरी लोण्यातून जावी तशी गेली! टपाच्या कडा गोल झाल्या. पुढचा उतार एका कापात आला. चाकांच्या कमानी चमच्यानं कोरल्या तरी ढासळल्या नाहीत. चुरा पडला तो मूठभर. क्रीमचा पहिला पातळ थर लावला आणि केकच्या थंडीनं तो जागच्या जागी बसला.

आता तिला घाई सुटली. लाल फॉन्डंट लाटून तयारच होतं. ते ती केकवर टाकणार, तोच थोरलीनं तिचा हात धरला. केकचं एक कापलेलं गोठलेलं शकल घेऊन तिनं त्यावर फॉन्डंटचा तुकडा नीट बसवला आणि ते बाजूला ठेवलं. तासाभरात त्याला घाम सुटला, बोट लावलं तर रंग बोटाला आला. मधोमध फोडासारखा फुगा धरला होता. केक निवळताना आत अडकलेली हवा पसरते, आणि तिला वाट मिळाली नाही तर ती वरचं आवरण उचलते.

“आज फॉन्डंटला वेळ नाही,” थोरली म्हणाली. “क्रीमचीच एसटी कर. पण लाल रंग आत्ताच कालवून ठेव. तो लगेच चढत नाही, तास-दोन तास मुरला की गडद होतो.”

धाकटीचे डोळे भरले. “माझा हातच आज चालत नव्हता, अक्का.”

“अगं, हाताला काय झालंय तुझ्या? तू केकला वेळ दिला नाहीस. आठ दिवस होते, ते तू शनिवारच्या सकाळी कोंबलेस. भाजणं जसं काम, तसं गार होऊ देणं, गोठू देणं, निवळू देणं हेही कामच. त्या वेळी आपले हात रिकामे असतात, म्हणून आपल्याला ते काम वाटत नाही, इतकंच.”

संध्याकाळी केक वेळेवर पोचला. टप गोल, खिडक्या सरळ, पुढे ‘पुणे–अहमदनगर’ची पाटी. चालकांनी चष्मा लावून पाटी वाचली आणि बराच वेळ सुरी हातात घेतलीच नाही. थोरलीनं त्याच रात्री आपल्या रविवारच्या ऑर्डरसाठी पुन्हा ओव्हन लावला. या वेळी अंडी फेटायला धाकटी होती.

आकाराचा केक करणाऱ्या प्रत्येक बहिणीला आणि भावाला माझं कळकळीचं सांगणं आहे: शनिवारची ऑर्डर असेल तर स्पंज बुधवारी भाजा, पूर्ण गार करून गुंडाळा आणि गोठवा. शुक्रवारी अर्धवट गोठलेला असतानाच कोरा, क्रीमचा पहिला थर द्या आणि रात्रभर फ्रीजमध्ये निवळू द्या. फॉन्डंट शनिवारी. आणि केक मागवणाऱ्यांनो, असा केक हवा असेल तर आदल्या दिवशी फोन करू नका, आठवडाभर आधी सांगा.