चैत्रातला मुलूख

शहापूर-मुरबाडला यायचं ते पावसाळ्यात, असं मुंबई-ठाण्याच्या माणसांनी ठरवूनच टाकलं आहे. जुलै लागला की माळशेजच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, शनिवार-रविवारी माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहायला जागा मिळत नाही, आणि धबधब्यांवर अपघात झाले की जमावबंदीचे आदेश निघतात. रस्त्यालगतच्या खाचरात गुडघाभर चिखलात बायका आवण लावत असतात. त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. माझं सांगणं आहे, फाल्गुन-चैत्रात या. पावसाळ्यात हिरवळीखाली हा मुलूख झाकून जातो. पानगळ झाल्यावर त्याच्या जुन्या वाटा दिसतात, ओस गावठाणांचे चौथरे दिसतात, आणि माणसांना इथं जगण्यासाठी काय करावं लागतं तेही दिसतं. पळस-पांगारा फुललेले असतात, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा असतो आणि तो वेचायला बायका उजाडायच्या आत निघालेल्या असतात. तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा आढळला. शंभराहून अधिक वर्षं न दिसलेला, नामशेष समजला गेलेला आणि १९९७ मध्ये खानदेशात पुन्हा सापडलेला हा पक्षी दिवसाउजेडी वावरतो. निष्पर्ण सागावर तो दिसण्याची आशा तरी असते.

अशी वसंतात गावं हिंडण्याची सवय इंग्रजांनी मनापासून जोपासली. ईस्टरच्या सुट्टीत इंग्लंडमधली माणसं एखादं समुद्रकाठचं गाव आणि त्यातलं जुनं चर्च बघायला निघतात. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही आता निघतात. गाव अगदी सामान्य असतं, चर्चही बहुधा छोटंच. तरी तिथं वाचण्यासारखं पुष्कळ असतं. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवणं तिथल्या प्रत्येक पॅरिशला १५३८ पासून बंधनकारक झालं, त्यामुळे शेतमजुराचंही नाव कुठंतरी टिकून राहिलं. पुढे निकोलाउस पेव्हस्नर हा जर्मनीतून आलेला विद्वान परगण्यामागून परगणे पालथे घालत गेला आणि १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधल्या इमारतींवरचे ४६ खंड निघाले. पायवाटांची कथा निराळी आहे. त्या भांडून मिळवाव्या लागल्या. जमीनदारांनी बंद केलेल्या किंडर स्काउटच्या माळावर २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे काहीशे तरुण कामगार घुसले. त्यातले पाच जण तुरुंगात गेले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागातल्या वाटांचा कायदा झाला. आज तिकडचा माणूस वसंतात शेताच्या बांधावरून निर्धास्त चालतो, कारण आधी कुणीतरी गाव लिहून ठेवलं आणि कुणीतरी वाटेसाठी शिक्षा भोगली.

आपल्याकडे लिहून ठेवण्याजोगं कमी आहे का? मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं जुन्नरला आणि पुढे पैठणला जात होता. समुद्र इथून दिसत नाही, पण हा मुलूख समुद्राच्या व्यापारावर उभा राहिला. माथ्यावर, जुन्नरच्या हद्दीत, सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी त्यात आकड्यांनिशी मोजलेली आहेत. तिथल्या राजघराण्याच्या पुतळ्यांची आता फक्त पावलं उरली आहेत. पावसाळ्यात धुक्यामुळे या वाटेवर पुढची पायरी दिसायची मारामार. फाल्गुनात मात्र वर जाऊन खाली पाहिलं, की घाट कुठं सुटतो आणि कल्याणकडे कसा वळतो ते नकाशासारखं उलगडतं.

इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी अशा वाटांवरून पायी हिंडले. गावाबाहेरच्या, शेंदूर फासलेल्या साध्या देवी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर का सापडतात, हा प्रश्न त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात मांडला. माणसांचं येणं-जाणं नांगराच्याही आधीचं असू शकतं आणि त्याची खूण देवाच्या दगडात राहते, असा त्यांचा रोख होता. हे पटलं की गावदेवाकडे बघण्याची नजर बदलते. शिवेवरच्या झाडाखाली वाघोबाचा दगड किंवा लाकडी फळी उभी असते. वर चंद्रसूर्य कोरलेले, खाली वाघ, आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या शेंदराची जाड पुटं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला तिथं नैवेद्य होतो. ती फळी कुणी घडवली, कधी घडवली, कुठल्या पाड्याचा मान पहिला, हे सांगू शकणारी माणसं आज गावात आहेत. किती वर्षं असतील?

किल्ल्यांबद्दल आपण पुष्कळ लिहिलं. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची झुंज माहुलीवर दिली, हे शाळकरी मुलंही सांगतात. सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले; त्यांच्या हुतात्मा दिनाला आजही माणसं तिथं जमतात. पण किल्ल्याच्या पायथ्याचं गाव आपल्या लेखी गाडी लावण्याची जागा असते.

त्या गावात चैत्रात राब भाजतात. तो एकदा उभं राहून पाहावा. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळीच्या फांद्यांची कवळं, वर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. विस्तव वाऱ्याच्या उलट बाजूनं लावायचा. माती वर असल्यामुळे भडका उडत नाही. राब धुमसत, सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. म्हातारा माणूस हातात हिरवी डहाळी घेऊन कडेनं फिरत असतो, कुठं जाळ बांधाबाहेर जाऊ लागला तर झोडपायला. तणाचं बी जळतं, जमीन भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं आणि मृगात पेरलेलं बी जोमानं वर येतं. या कवळापायी एकोणिसाव्या शतकात सरकारशी मोठा संघर्ष झाला. राखीव जंगलांच्या कायद्यानं फांद्या तोडण्यावर बंधनं आली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा गदारोळ उठला, आणि मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. राबामुळे जंगल झिजतं हा आक्षेप खोटा नाही. पण शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याआधी त्या चार थरांत किती पिढ्यांची पारख आहे, तेवढं तरी समजून घ्यावं.

आणि पाणी. तानसाचं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, ते मुंबईसाठी. पुढे भातसा आलं. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. दोन्ही शहापूर तालुक्यात. याच तालुक्याच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. ओढ्याच्या वाळूत डवरा खणलेला असतो, पाणी झिरपायची वाट बघत बाई बसते, वाटीवाटीनं हंडा भरते, आणि पलीकडून धरणाच्या पाण्याची चकाकी दिसत असते. पावसाळी पर्यटकाला हे कधीच दिसत नाही. त्याच्या आठवणीत शहापूर म्हणजे पाणीच पाणी. मुंबईत नळ सोडणाऱ्या माणसानं एकदा तरी चैत्रात हा डवरा पाहावा, असं मला फार तीव्रतेनं वाटतं. मात्र हंड्यांच्या रांगेचे फोटो काढत फिरण्याइतकं वाईट काही नाही. पाहुण्यासारखं जावं, विचारून बसावं, जेवलं तर त्याचे पैसे द्यावेत. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्यानं इथल्या कितीतरी गावांत ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. पाहुणे किती आणि कधी यावेत, हे तिनंच ठरवावं. जैवविविधतेच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते. त्यातच मोहाच्या झाडांबरोबर वाघोबा, वीरगळ आणि राबाची रीत का लिहू नये? शाळेतल्या मुलांनी आजीला विचारून लिहिलेलं पानही पेव्हस्नरच्या कामाइतकंच मोलाचं ठरेल.

घाई करायला हवी, कारण गावाच्या कडा झपाट्यानं बदलताहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाडच्या रस्त्यालाही फार्महाउसांचे फलक दाट होत चालले आहेत. प्लॉट पडला की कुंपण येतं, आणि कुंपणात पहिली सापडते ती पायवाट: पाड्यावरून ओढ्याकडे, गावठाणातून देवराईकडे जाणारी. या वाटा कागदावर नाहीत असं नाही. जुन्या गाव नकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनं दाखवलेली असते, आणि नकाशावरची वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. नकाशाची नक्कल भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. होळीनंतर रान मोकळं झालं की ती घेऊन, गावातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन, प्रत्येक तुटक रेघ चालून बघायला हवी.