एक मंडळी, बाप्तिस्म्याच्या दोन रीती

आजचं वचन: योहान 17:20-23

प्रियांनो, पकडला जाण्याआधी प्रभूनं पुढे विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही, म्हणजे आपल्यासाठी, मागितलं: हे सगळे एक व्हावेत.

29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. चांद्याची जुनी स्कॉटिश मिशनची मंडळीही त्यात आली. (अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले.)

बाप्तिस्म्याचा प्रश्न अवघड होता. अँग्लिकन तान्ह्या बाळालाही देत. बाप्टिस्ट आणि ब्रेदरन फक्त स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याला, तेही पाण्यात बुडवून. शेवटी दोन्ही रीती ठेवल्या. मला ही तडजोड वाटत नाही, इफिस 4:2 मधली सहनशीलता वाटते.

चंद्रपूर-गडचिरोलीत आपण मूठभरच. या रविवारी दुसऱ्या पंथाच्या मित्रासोबत प्रार्थनेला बसाल? त्याचा बाप्तिस्मा खरा मानून?