न दिसणारे दुखणे खोटे काय?



आपल्या दोंडाईचा येथील बाजारात लाल मिरचीचे ढीग पडतात. मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना विचारा. संध्याकाळी त्यांच्या हातांची आग होते. फोड नाही, जखम नाही. तरी आग खरी असते. 'नाटक करतेस' असे त्यांना कोणी म्हणत नाही, कारण मिरची सर्वांना ठाऊक आहे.

हीच आग मिरचीला न शिवता घरातल्या आईच्या तळपायांत रात्री उठली, पायावर गोधडीही सहन होईना, तर आपण काय म्हणतो? एक्स-रे चांगला आला की 'मनाचे खेळ' म्हणतो. नाहीतर तिला भगताकडे नेतो.

येथे तुम्ही मला अडवाल. 'पुराव्याशिवाय काही मानू नये, हे आपण शिकलो. पुरावा नाही म्हणून भूत सोडले. मग न दिसणारे दुखणे का मानावे?'

प्रश्न रास्त आहे. पण भूत हे दुखण्याचे कोणीतरी सांगितलेले कारण आहे. दुखणे हा स्वतःचा अनुभव आहे. सांगितलेले कारण तपासलेच पाहिजे. अनुभवाचा पहिला पुरावा मात्र भोगणाऱ्याचा शब्द हाच असतो. तथागतांनीही आधी दुःख आहे हे मान्य केले आणि मग त्याचे कारण शोधले.

विज्ञान काय सांगते ते पाहा. त्वचेत अतिशय बारीक मज्जातंतू असतात. उष्णता आणि वेदना यांची वर्दी तेच देतात. मिरचीतील तिखट द्रव्य त्यांनाच चेतवते. हे कसे घडते याचा उलगडा डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली केला. 2021 साली ज्युलियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे तंतू आजाराने बिघडले, तर मिरचीवाचूनही आग होते. नसांची विजेची नेहमीची तपासणी जाड तंतूंची असते, म्हणून ती निर्दोष येऊ शकते. अशा वेळी डॉक्टर टाचणीची टोच आणि थंड-गरम कळते का, हे पाहतात. मोठ्या रुग्णालयात घोट्याच्या वरून 3 मिलिमीटर त्वचेचा तुकडा काढून त्यातील तंतू मोजतात.

मधुमेह, बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, दारू, कुष्ठरोग ही यामागची काही कारणे. काहींचे कारण सापडतच नाही. पण कारण सापडले नाही म्हणजे कारण नाही, असे नव्हे.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि पायांतील वेदनांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले. त्याच देहाने त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपल्याला दीक्षा दिली. त्यांच्या वेदनेला नाटक म्हणण्याची आपली छाती होईल काय? मग घरातल्या बाईच्या वेदनेला का म्हणता?

आज रात्री तुमच्या घरात जी पाय चोळत बसेल तिच्याजवळ बसा. कुठे दुखते, केव्हापासून, कशाने वाढते, हे विचारा. उद्या तिला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्तातील साखर तपासून घ्या. तेथे तिचे निदान झाले नाही, तर धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. आणि तेथेही काही दिसले नाही, तरी तिच्यावरचा विश्वास काढून घेऊ नका.