ओठातल्या ओठात

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या आळीत बोकड बांधलेला असायचा आणि सगळे मुलाणीचाचांची वाट बघत बसलेले. घरात तीन-चार धडधाकट माणसं, कोयता-सुरी हाताशी. तरी बोकडाला कुणी हात लावायचं नाही. चाचा यायचे, सुरीच्या पात्यावर नख टेकवून धार बघायचे, बोकडाला पाणी पाजायला सांगायचे. तोवर सुरी पाठीमागे धरलेली. बोकडाला ती दिसता कामा नये. मग खाली वाकून ते ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचे. पुढचं काम क्षणाचं. आपला ठरलेला वाटा फडक्यात बांधून ते पुढच्या घरी जायचे. माझी आजी पक्की वारकरी घरातली, स्वतः मटणाला शिवत नसे. पण चाचांच्या हातून न गेलेला बोकड तिच्या लेखी ‘मेलेला’.

हे आमच्याच गावचं वेड नव्हतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाड्या’त गावची जनावरं हलाल करणारा मुलाणा आहे, आणि त्याच्या कितीतरी आधी, १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासातही तो आहे. हलाल हा शब्द आपल्याकडे बाजारपेठेतून आला नाही, गावकीतून आला. म्हणून तर आपण पैसा हरामाचा म्हणतो आणि बोकड हलाल करतो, आणि दोन्ही वेळी आपण अरबी बोलतोय हे ध्यानातही नसतं.

चाचा काय म्हणतात, हे कुणी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले की नाही, हेही कुणी तपासलं नाही. आणि तपासणार कसं?

सगळी गोम इथेच आहे. मटणाच्या दुकानात बोकड सोलून टांगतात तेव्हा शेपूट आणि नरपणाची खूण राखून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला मेंढी किंवा शेळी गळ्यात मारली असं वाटू नये. कत्तलखान्यातल्या पशुवैद्यकाचा शिक्का मांडीवर उमटलेला असतो. मांस कुठल्या जनावराचं, हे आता प्रयोगशाळाही सांगते. २०१३ साली युरोपात गोमांसाच्या नावाखाली घोड्याचं मांस विकलं जात होतं, ते डीएनए चाचणीनेच पकडलं. त्याच गदारोळात ब्रिटनच्या तुरुंगांत हलाल म्हणून वाढलेल्या पदार्थांत डुकराच्या डीएनएचा अंश सापडला. पण कापताना सुरी कुणाच्या हातात होती, अल्लाचं नाव घेतलं का, हे कुठलीही परीक्षानळी सांगत नाही. नाव घेतलेलं असो वा नसो, ताटातला तुकडा सारखाच लाल, सारखाच चविष्ट. मांसाबरोबर पुढे जातो तो फक्त कुणीतरी दिलेला शब्द.

धर्मशास्त्राने हा शब्द किती घट्ट धरला, यातही गंमत आहे. इस्लामी कायद्याच्या हनफी मताप्रमाणे तस्मिया, म्हणजे अल्लाचं नाव घेणं, आवश्यक. चुकून राहिलं तर माफ, मुद्दाम टाळलं तर मांस हराम. शाफई मत थोडं सैल आहे. ते नाव घेण्याला सुन्नत, म्हणजे चांगलं पण सक्तीचं नसलेलं, मानतं. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी, म्हणजे सह्याद्री उतरला की फिक्ह, म्हणजे कायद्याची रीत, बदलते. एका माणसाने एका बोकडावर वाकायचं असतं तोवर हा फरक किताबातच राहतो. पण कोंबड्यांच्या आधुनिक कारखान्यात पक्षी उलटे टांगून पट्ट्यावरून मिनिटाला शंभराच्या वर सरकतात. तिथे नाव किती वेळा घ्यायचं? फिरत्या यांत्रिक पात्याचं बटण दाबताना एकदा म्हटलं तर चालेल? ध्वनिमुद्रित आवाज चालेल? पक्षी आधी विजेच्या पाण्यातून नेऊन बेशुद्ध केला आणि त्यातच मेला, तर? यावर विद्वानांची एकवाक्यता नाही. ब्रिटनमध्ये तर बेशुद्ध करू देणाऱ्या आणि न देणाऱ्या वेगवेगळ्या प्रमाणन संस्थाच आहेत. दोन दुकानांत दोन शिक्के, गिऱ्हाईक तेच.

या सगळ्याचं सर्वांत बारीक शास्त्र मलेशियाने केलं. तिथल्या सरकारच्या इस्लामी विकास खात्याचा, ‘जाकीम’चा, हलाल शिक्का जगात वजनदार मानतात. कापण्यापुरताच नियम नाही; वाहतूक, गोदाम आणि किरकोळ विक्री यांसाठी २०१० साली स्वतंत्र मानकं आली. ज्या कंटेनरमधून आधी डुकराचं मांस गेलं, तो हलाल मालासाठी वापरायचा तर सात वेळा धुवायचा, त्यातलं एक धुणं माती कालवलेल्या पाण्याचं. उणे अठरा अंशांचा, संगणकाने नियंत्रित होणारा पोलादी डबा, आणि त्याच्या भिंतींवरून ओघळणारं गढूळ पाणी. मला हे चित्र फार आवडतं. घरात विटाळ झाला की शेणसडा घालणाऱ्या आपल्या आज्यांना ते लगेच कळलं असतं.

आणि याच मलेशियात, डिसेंबर २०२०च्या सुरुवातीला, जोहोर राज्यातल्या सेनाई इथल्या एका गोदामावर छापा पडला. सुमारे दीड हजार टन गोठवलेलं मांस, अंदाजे तीन कोटी रिंगिटचं. युक्रेन, ब्राझील, अर्जेंटिना, चीन अशा देशांतून आलेल्या मालावर जाकीमचा खोटा शिक्का मारून तो बाजारात जात होता. तिथल्या वृत्तपत्रांनी तर ही टोळी चाळीस वर्षं चालू असल्याचं आणि बंदरापासून वरपर्यंत हात ओले झाल्याचं छापलं. चाळीसचा आकडा खरा की फुगवलेला, ते बाजूला ठेवा. मला वाटतं, जिथे शिक्क्याला सर्वाधिक किंमत, तिथेच तो खोटा करण्यात सर्वाधिक फायदा. सात वेळा धुतलेला डबा आणि शाईच्या एका ठशाने पाटी बदललेला डबा, गोदामात शेजारी-शेजारीच उभे असतात.

हे आपल्यापासून लांब नाही. मलेशियात खाल्लं जाणारं आयात मांस मोठ्या प्रमाणावर भारतीय म्हशीचं असतं आणि त्यातलं पुष्कळसं न्हावा शेव्याहून जहाजावर चढतं. ऑक्टोबर २०२४ पासून पंधरा देशांना हलाल म्हणून मांस पाठवायचं तर प्रमाणपत्र देणारी संस्था भारतीय गुणवत्ता परिषदेच्या योजनेखाली मान्यता मिळवलेली असावी लागते. त्याआधी नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशाने राज्यात हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यात तेवढी वगळून. म्हणजे कुआलालंपूरला जाणारा शिक्का चालेल, लखनौला नाही. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात झटका, म्हणजे एका घावात कापलेल्या, मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघालं. ज्याला झटका हवा त्याला तो मिळावा, यात वावगं काही नाही. पण खंडोबाच्या नावाने कागद निघाला तेव्हा मला आमची जत्रा आणि पाठीमागे सुरी धरून येणारे चाचा आठवले. त्यांच्याकडे ना हलालचा कागद होता, ना कुणी मागितला.

चाचांचा नातू आता पुण्याजवळ चिकनचं दुकान चालवतो. रविवारी सकाळी गेलं तर रांगेत सगळ्या जातीचे लोक, आणि तो ओठ हलवत सुरी फिरवतोय. गेल्या वर्षी एका खानावळवाल्या कंपनीने त्याच्याकडून माल घ्यायचं ठरवलं, पण हलालचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. त्याने फॉर्म आणला, माझ्याकडून वाचून घेतला. कापणाऱ्याने प्रशिक्षण कुठे घेतलं, असा एक रकाना होता.

“काय लिहू, काका?”

“खरं ते लिही.”

त्याने लिहिलं, ‘आजोबांकडे’. पंधरा दिवसांनी फॉर्म परत आला, त्या रकान्याभोवती लाल गोल काढलेला. नवा फॉर्म त्याने आणलाय. गल्ल्याखाली ठेवलेला असतो. परवा बघितला, बाकीचं सगळं भरून झालंय.