धोंडिबाची शंका

स्पर्धा परीक्षेच्या टिपणांमध्ये महात्मा फुले दोन ओळींत आटोपतात. 'गुलामगिरी', १८७३. सत्यशोधक समाज, २४ सप्टेंबर १८७३. मुले ही सनावळी घडाघडा म्हणतात. पण 'गुलामगिरी'त कोण कोणाशी बोलते, हे त्यातल्या फार थोड्यांना सांगता येते. आता तर पंधरा मिनिटांत पुस्तक ऐकवणारी ॲप्स आली आहेत, दोन मिनिटांत पानिपत उरकणाऱ्या चित्रफिती आल्या आहेत, आणि या सगळ्याला 'थोडक्यात ओळख' असे भारदस्त नाव मिळाले आहे. समाज, राजकारण, इतिहास यांची ओळख करून देणाऱ्या छोट्या पुस्तकांची एक मोठी परंपरा आहे. तिच्यावर हा उघड अन्याय आहे.

या परंपरेचा पाश्चात्त्य भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. इंग्लंडमध्ये १९११ साली 'होम युनिव्हर्सिटी लायब्ररी' निघाली आणि रसेल यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने तिच्यासाठी लिहिले. १९३७ मध्ये सहा पेन्सांच्या पुस्तकांची पेलिकन माला आली. तिच्या सुरुवातीच्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते. १९४१ मध्ये पॅरिसमध्ये १२८ पानांची 'क्यू से-झ' माला सुरू झाली, १९९५ मध्ये ऑक्सफर्डची. हा इतिहास सांगताना सगळे जण किमतीवर आणि पानांवर बोट ठेवतात. स्वस्त झाले, आटोपशीर झाले, म्हणून ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचले, असा त्यांचा निष्कर्ष असतो. पण पेलिकनचे पहिले पुस्तक कोणते? बर्नार्ड शॉ यांचे समाजवाद आणि भांडवलशाहीवरचे, तेही दोन खंडांत! शॉ यांच्या मेहुणीने स्त्रियांच्या अभ्यासमंडळासाठी समाजवाद समजावून मागितला, त्यातून ते मुळात लिहिले गेले होते. म्हणजे या मालेचे दार उघडले ते एका बाईच्या प्रश्नाने. पानांची काटकसर तिथे नव्हतीच.

हीच गोष्ट मराठीत त्याच्या कितीतरी आधी घडली होती, आणि तिचाच अर्थ सर्वांत जास्त चुकवला गेला आहे. 'गुलामगिरी' हा जोतीराव, म्हणजे स्वतः फुले, आणि शंका विचारणारा धोंडिबा यांचा सोळा भागांचा संवाद आहे. अभ्यासक बहुधा एवढेच नोंदवतात की फुल्यांनी प्रश्नोत्तराचा घाट मिशनऱ्यांच्या पुस्तिकांवरून उचलला, अशिक्षितांना सोपे जावे म्हणून. फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, तेव्हा घाटाची ओळख तिथली असणे शक्य आहे. मात्र धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीत विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते आणि शिकणाऱ्याने ते घोकायचे असते. फुल्यांनी हे नाते फिरवले. ज्याला शाळेत जागा नव्हती, शास्त्रार्थात तोंड उघडायची मुभा नव्हती, तो धोंडिबा इथे पानोपानी बोलतो. आणि घोकण्यासाठी जे त्याच्या माथी मारले गेले होते, त्याचीच इथे उलटतपासणी होते.

पहिल्याच भागात पाहावे. ब्रह्म्याच्या मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र जन्मले, ही कथा समोर येते. तिच्यावर ग्रंथांचे दाखले देत बसण्याऐवजी फुले घरातल्या बाईला सुचेल असा सवाल टाकतात: चार ठिकाणांहून जन्म दिला, तर त्या चारही ठिकाणांचा विटाळ ब्रह्म्याने कसा पाळला? हा युक्तिवाद कळायला संस्कृत यावे लागत नाही. विटाळ घरोघर पाळला जात होता. ज्यांच्यावर तो लादला होता, त्यांना तर त्याची खडान्‌खडा माहिती होती. विद्वानाचा ग्रंथ लहान करून असे वाक्य लिहिता येत नाही. त्यासाठी वाचक काय जगतो, हे माहीत असावे लागते. धोंडिबाला शेवटी जोतीरावांचे पटते, हे खरे. त्या वाटेवर त्याचे प्रश्न मात्र छापले गेले आहेत, आणि मराठी वैचारिक लेखनात ही फार मोठी घटना होती.

फुले तिथे थांबले नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी तो जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवला. 'दीनबंधू' वृत्तपत्राने त्यातले पहिले दोन भाग छापले आणि पुढचे थांबवले. फुल्यांच्या हयातीत पूर्ण पुस्तक निघू शकले नाही. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर जाते, हा क्रम आजच्या कोणत्या परिचयमालेत दिसतो?

डॉ. आंबेडकरांनी या परंपरेला आणखी धार दिली. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाला १९३६ मध्ये त्यांचे भाषण झेपले नाही, परिषदच रद्द झाली, तेव्हा त्यांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीका आणि आपले उत्तर दोन्ही समाविष्ट केले. छोट्या पुस्तकात प्रतिपक्षालाही जागा मिळाली, आणि निवाडा वाचकावर सोपवला गेला.

गोविंद पानसरे यांचे 'शिवाजी कोण होता?' याच कुळातले. १९८७ च्या भाषणातून १९८८ मध्ये निघालेल्या या पुस्तिकेच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. तिला 'प्रचारपत्रक' म्हणणारे तिची पाने मोजतात. तिचे शीर्षकच एक प्रश्न आहे, आणि तोही सभेतल्या कोणालाही विचारता येईल असा, याकडे ते पाहत नाहीत. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ज्यांना छोटी पुस्तके निरुपद्रवी वाटतात, त्यांनी हे विसरू नये.

टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. परीक्षा तारखाच विचारते. दोष आहे तो सारांशाला परिचय म्हणून विकणाऱ्यांचा, आणि धोंडिबाला वगळून फुले शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचा. फुल्यांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने कधीच प्रसिद्ध केले आहे. शिक्षकांनी त्यातला 'गुलामगिरी'चा पहिला भाग वर्गात मोठ्याने वाचावा, दोन मुलांना जोतीराव आणि धोंडिबा करून. आणि वाचून झाल्यावर वर्गातून जे प्रश्न येतील, त्यांना तास संपला म्हणून थांबवू नये.