दहा डॉलरची जमीन

रेजायना शहर मागे टाकून आग्नेयेला निघालं की पहिला तासभर रस्त्याला वळण क्वचितच लागतं. सस्कॅचेवान हा कॅनडाचा प्रेअरी प्रांत. नजर जाईल तिथवर गहू, कनोला, मसूर. भारतात आयात होणाऱ्या मसुरीचा मोठा वाटा याच प्रांतातून येतो, त्यामुळे या मातीची चव आपल्यापैकी अनेकांना नकळत ठाऊक आहे. सुमारे २०० किलोमीटरवर कार्लाइल हे छोटं गाव लागतं, तिथून पूर्वेला मॅनर. मॅनरला महामार्ग सोडून उत्तरेला वळायचं. खडीच्या रस्त्यावर गाडीमागे धुळीचा लोट उठतो. शेतात मधूनच तेल उपसणारे पंप खालीवर होत असतात, सखल जागी पाणी साचून झालेल्या तळ्यांत बदकं पोहत असतात. असं पंधरा-सोळा किलोमीटर गेल्यावर झाडांच्या एका पुंजक्याशी लाकडी चर्च दिसतं. हे कॅनिंग्टन मॅनर. एकेकाळी इथे इंग्रज सरदार-जमीनदारांच्या थाटाचं गाव होतं, आता ते प्रांतिक उद्यान आहे.

चर्च १८८४ सालचं. ओंडके रचून उभारलेलं, वरून फळ्या ठोकलेलं, आराखडा क्रुसाचा. अजूनही उन्हाळ्यात तिथे अधूनमधून प्रार्थना होते. भोवती कबरी आहेत. काही घरं जपलेली, काही पुन्हा उभारलेली, आणि बाकी गावाच्या जागी नुसत्या पाट्या: इथे हॉटेल होतं, इथे पिठाची गिरणी, इथे लोहार. पाटी वाचायची आणि गवतात शिरून जोत्याचा दगड शोधायचा. गिरणीच्या जागी उभं राहिलं की गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाक ऐकू जाईल, इतकं ते लहान होतं हे लक्षात येतं. वारा मात्र अखंड. इतक्या उघड्या माळावर इंग्लंडमधल्यासारखी हिरवळ राखून टेनिस खेळायचं कुणाला सुचलं असेल, हा प्रश्न तिथे आपोआप पडतो.

ते सुचलं कॅप्टन एडवर्ड मिशेल पियर्सला. बँक बुडाली, त्यात त्याची पुंजी गेली. मोठं कुटुंब, आणि इंग्लंडमध्ये आपल्या दर्जाने राहणं आता परवडणारं नव्हतं. १८८२ साली तो सहकुटुंब इथे आला. त्याच वर्षी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ उत्तरेला मूसोमिनपर्यंत पोहोचले होते, आणि मूसोमिनपासून ही जागा ६५ किलोमीटर, बैलगाडीची वाट. सॉमरसेटमधल्या कॅनिंग्टनवरून त्याने गावाला नाव दिलं. कॅनडात त्या नावाचं गाव आधीच होतं म्हणून टपालखात्याच्या सोयीसाठी पुढे ‘मॅनर’ जोडलं गेलं. मग पियर्सने इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांना पत्रं लिहून सभ्य घराण्यांतल्या लोकांना बोलावणं धाडलं. शिवाय एक शेतकी महाविद्यालय काढलं. इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांनी आपल्या धाकट्या मुलांना वर्षाला सुमारे १०० पौंड भरून तिथे पाठवायचं आणि मुलांनी शेती शिकायची. धाकट्यांना वडिलांची इस्टेट मिळत नसे, त्यामुळे अशा मुलांचा तुटवडा नव्हता. शेती फारशी कुणी शिकलं नाही. क्रिकेट, घोड्यांच्या शर्यती, शिकारी कुत्रे सोडून केलेली शिकार, नाटकं, नाच यांत त्यांचे दिवस गेले.

यात कळस केला बेक्टन बंधूंनी. तेही आधी पियर्सचे विद्यार्थीच. आजोबांची संपत्ती हाती आली आणि त्यांनी गावाजवळ डिड्सबरी नावाचा दगडी वाडा बांधला. बिलियर्डची खोली, नाचाचा दिवाणखाना, आणि खास म्हणजे घोड्यांची पागा. तिथल्या ठाणांना आतून महोगनीच्या फळ्या होत्या आणि प्रत्येक घोड्याच्या नावाची पितळी पाटी. महोगनी उष्ण कटिबंधातलं लाकूड. जिथे हिवाळ्यात उणे तीस-चाळीस तापमान होतं, जिथे शेजारचे शेतकरी मातीच्या ढेपांच्या घरात राहत होते, तिथे ते जहाजाने, रेल्वेने आणि शेवटी गाडीने ओढत नेऊन घोड्यांच्या अंगाशी लावलं.

हे गाव ओसाड का पडलं, याचं ठरलेलं उत्तर प्रत्येक पर्यटकाला मिळतं: रेल्वे चुकली. १९०० साली नवा फाटा आला तो १५-१६ किलोमीटर दक्षिणेने. दुकानं, माणसं, काही इमारतीसुद्धा तिकडे सरकल्या, आणि स्टेशनाभोवतीच्या नव्या गावाने जुन्या गावाचं अर्धं नावही घेतलं, तेच आजचं मॅनर. हे खरं आहे. पियर्स १८८८ सालीच वारला होता. नव्वदच्या दशकात गव्हाचे भाव पडलेले, दुष्काळ आणि अवेळी हिमदव पाठीशी लागलेले. काही तरुण क्लोंडाइकच्या सोन्यामागे गेले, काही बोअर युद्धात. पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. रेल्वे चुकलेली गावं जगात कमी नाहीत. आपल्याकडे कित्येक गावांना अजून धड एसटी येत नाही, तरी ती आहेत. कॅनिंग्टन वीसेक वर्षांत विरलं त्याचं कारण मला दिसतं ते रुळांत नाही, जमिनीच्या कायद्यात.

तो कायदा १८७२ चा. त्याआधीच मोजणीदारांनी माळरानावर चौकटी आखायला घेतल्या होत्या: सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे एकेक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येकाचे चार भाग, एक भाग १६० एकर. काही तुकडे रेल्वे कंपनीचे, काही हडसन्स बे कंपनीचे, दोन शाळांच्या खर्चासाठी. उरलेल्यांपैकी १६० एकर कुणाही प्रौढ पुरुषाने दहा डॉलर शुल्क भरून मागून घ्यायचे, तीन वर्षं तिथे राहायचं, ठरावीक जमीन नांगराखाली आणायची, की सातबारा त्याच्या नावावर. आजही गाडीतून जाताना जे काटकोनी रस्ते लागतात ती हीच आखणी. अविवाहित स्त्रीला मात्र हा हक्क लवकरच नाकारला गेला. विधवा, म्हणजे कुटुंबप्रमुख स्त्री, अर्ज करू शके. नवरा मेल्यावरच बाईला जमीन, असा त्याचा अर्थ होता.

आपल्या गावाची ठेवण डोळ्यांपुढे आणली की या कायद्याचं वेगळेपण कळतं. आपल्याकडे घरं गावठाणात एकवटलेली आणि भोवती शिवार. विहीर, देऊळ, पार, पाणवठ्यावरचे हक्क आणि ते नाकारणाऱ्या जातीच्या भिंती, सगळं त्या दाटीत. प्रेअरीवर कायद्याने प्रत्येकाला स्वतःच्या चौकटीत राहायला लावलं. शेजारी अर्ध्या मैलावर. गावाला मुळात शिवारच नव्हतं, तिथे फक्त सोय होती: टपाल, गिरणी, दुकान. सोय उठून स्टेशनाजवळ गेली की मागे राहण्याचं कारण उरत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट सालगड्याची. सरदारी थाटाला दुसऱ्याचे हात लागतात: घोडे खरारायला, बर्फ उपसायला, चुली पेटवायला, गहू कापायला. इंग्लंडमध्ये असे हात मिळत, कारण त्या हातांना जमीन नव्हती. आपल्याकडे सालगडी पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दारात राहिला तो त्याच कारणाने. उचल फिटत नाही आणि जायला दुसरी जागा नाही. प्रेअरीवर मात्र मजुरीला राहिलेला माणूस दोन-तीन हंगामांचे पैसे गाठीला बांधायचा, दहा डॉलर भरायचा आणि मालकाइतक्याच १६० एकरांचा धनी व्हायचा. मग त्याने दुसऱ्याच्या घोड्याला खरारा का करावा? बेक्टनांच्या वाड्याला हे हात मिळत होते ते इंग्लंडमधून पैसा येत होता तोवर. कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर जगलं असं आपण म्हणतो, पण ती मनीऑर्डर गिरणीत राबून पाठवलेली होती. इथे मायदेशातून येणारा पैसा न राबता जगण्यासाठी होता. तो आटला तेव्हा मागे टिकाव धरला तो अंगमेहनतीने शेत करणाऱ्या कुटुंबांनी. तेही कॅनिंग्टनच्याच आसपास होते, पण त्यांच्या नावाच्या पाट्या कमी आहेत.

हा अनुभव नवा नव्हता. थॉमस पील नावाचा इंग्रज १८२९ साली भांडवल आणि मजूर घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात स्वान नदीच्या परिसरात उतरला. मोकळी जमीन पाहून मजूर पांगले. एडवर्ड गिबन वेकफिल्डने त्यावरून सिद्धान्तच मांडला की वसाहतीत जमीन महाग ठेवा, नाहीतर नोकर मिळणार नाही. मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाचं शेवटचं प्रकरण या वेकफिल्डवर लिहिलं. भांडवल ही नुसती पैशाची थैली नसते, समोर निरुपाय झालेला माणूस असावा लागतो, हे त्याला त्यात उघड झालेलं दिसलं.

त्याच साम्राज्यातल्या आपल्या थंड हवेच्या ठिकाणांकडे पाहा. महाबळेश्वर, माथेरान इथे साहेबांचे बंगले, क्लब, घोडे, पोलो सगळं दीर्घकाळ चाललं. तिथे रेल्वे वेळेवर आली म्हणून नव्हे. माथेरानची झुकझुक गाडी १९०७ ची, साहेब त्याच्या अर्धशतक आधीपासून तिथे होते. पालखी वाहायला, हातरिक्षा ओढायला, पाणी भरायला धनगर, ठाकर, कातकरी होते. महाबळेश्वरला तर मलायाकडून आणलेल्या चिनी कैद्यांकडून भाजीमळे करून घेतले गेले. त्यातल्या कुणाला दहा रुपयांत १६० एकर देऊ केले असते, तर क्लबात चहा कुणी आणला असता?

मग दहा डॉलरचा हा कायदा समतेचा म्हणावा का? कॅनिंग्टनच्या पाट्या वाचताना तसं वाटू लागतं. म्हणून गाडी तिथे थांबवू नये, वायव्येला मूस माउंटनच्या झाडीकडे न्यावी. तिथे व्हाइट बेअर ही आदिवासींची राखीव वसाहत आहे. पियर्सला जो माळ रिकामा दिसला, तो १८७४ च्या चौथ्या तहाने क्री, सोतो आणि नाकोडा लोकांकडून घेतलेला होता. १८७९ पर्यंत कॅनडाच्या माळावरचे रानगवे संपले आणि त्यांच्यावर जगणारी माणसं उपासमारीला लागली. तहात त्यांना शेतीसाठी अवजारं आणि बैल कबूल केले होते, ते अपुरे आणि उशिरा आले. तरीही अनेक राखीव वसाहतींत लोकांनी शेती जमवली, पैसे एकत्र करून कापणीची यंत्रं घेतली.

आणि नेमकं तेव्हाच, १८८९ मध्ये, राखीव वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या ‘इंडियन कमिशनर’ हेटर रीडने त्यांना यंत्रं वापरायला मनाई करणारं धोरण आणलं. गहू विळ्या-कोयत्याने कापायचा, पेंढ्या हाताने बांधायच्या, मोगरीने झोडपायचा, हातजात्यावर दळायचा, काटे-दाताळी घरी बनवायची. रीडचं म्हणणं असं की या लोकांनी आधी कुणबाऊ शेतीची पायरी चढावी, एकदम आधुनिक होऊ नये. १६० एकरांऐवजी कुटुंबाला लहान तुकडे दिले. धान्य विकायचं तर सरकारी एजंटचा परवाना हवा. वसाहतीबाहेर जायचं तर पास हवा. सेरा कार्टर या इतिहासकार बाईंनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ‘लॉस्ट हार्वेस्ट्स’ या पुस्तकात हे सगळं सरकारी कागदांतून काढून मांडलं आहे. प्रेअरीवर पीक पिकण्याचा आणि हिमदव पडण्याचा काळ यांत मोजके दिवस असतात. हाताने कापणारा माणूस त्या शर्यतीत हरणारच होता. १८९७ पर्यंत हे धोरण चाललं, आणि तोवर कित्येकांनी शेती सोडली. मग अधिकाऱ्यांनीच लिहायचं, की यांना शेतीची आवडच नाही.

तारखा शेजारी ठेवून पाहा. बेक्टनांच्या डिड्सबरीत नाच चालले होते आणि घोड्याभोवती महोगनी ठोकलेली होती, तेव्हा काही तासांच्या वाटेवर एक माणूस विळ्याने गहू कापत होता, कारण त्याला कापणीयंत्र वापरण्याची परवानगी नव्हती. इंग्रज तरुणाला शेती येत नसताना जमीन होती, आणि नाकोडा शेतकऱ्याला शेती येऊ लागली तेव्हा हात बांधले गेले. मजुराला मालकाच्या बरोबरीचा करणारा कायदा या माणसाला लागूच नव्हता. ज्या मोकळ्या जमिनीने सालगड्याला मोकळं केलं, ती मोकळी झाली होती याच माणसाला चौकटीबाहेर काढून.

१९०१ मध्ये, म्हणजे रेल्वे दक्षिणेला येऊन वर्ष होत असताना, फेझंट रम्प आणि ओशन मॅन या जवळच्या दोन नाकोडा वसाहतींची जमीन सरकारने काढून घेऊन विक्रीस ठेवली आणि तिथल्या लोकांना व्हाइट बेअरवर हलवलं. कॅनिंग्टनचे लोक स्वतःच्या मर्जीने उठले, सामान गाडीत घालून चांगल्या जागी गेले. त्यांच्या रिकाम्या गावाला आज स्मारकाचा मान आहे. ज्यांना उठवलं त्यांच्या गावांना पाट्या नव्हत्या.

पण ती माणसं विरली नाहीत, हे मला या साऱ्या प्रवासातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पर्यटनाच्या नकाशावर फेरी चर्चपाशी सुरू होते आणि चर्चपाशीच संपते. माझ्या मते ती कार्लाइलहून उत्तरेला जाणाऱ्या ९ नंबरच्या महामार्गावर सुरू व्हावी. वाटेत व्हाइट बेअरचा कॅसिनो लागतो. १९९३ साली या लोकांनी आपल्या जमिनीवर आपला अधिकार म्हणून तो सरकारी परवान्याविना उघडला, पोलिसांनी छापा घातला, आणि त्या वादातूनच पुढे प्रांतातल्या आदिवासी समाजांना कॅसिनो चालवण्याचा करार मिळाला. फेझंट रम्प आणि ओशन मॅनच्या लोकांनीही १९०१ च्या व्यवहाराचा हिशेब सोडला नाही. दावा लढवला, भरपाई मिळवली, आणि १९९० च्या सुमारास त्याच परिसरात जमीन विकत घेऊन आपल्या दोन्ही वसाहती पुन्हा उभ्या केल्या. आज तिथे त्यांच्या कचेऱ्या आहेत, घरं आहेत, तेलविहिरी आहेत. त्या जमिनीसाठी त्यांना बाजारभाव मोजावा लागला.