भयाचा अधिकारी कोण?

घरातील चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वा मुलगी एखादा भयपट पाहण्याची परवानगी मागते, तेव्हा मातापितरांच्या तोंडी बहुधा दोनच उत्तरे येतात. एक, ‘‘सगळे खोटेच तर असते, पाहू दे’’. दुसरे, ‘‘असले काही आपल्या घरात नको.’’ दोन्ही उत्तरे विचाराचे श्रम वाचवतात. वस्तुतः प्रश्न चित्रपटाचा जितका आहे तितकाच पाहणाऱ्याचाही आहे, आणि आपल्या शास्त्रकारांना अशा प्रश्नाची चांगली ओळख होती. कोणताही ग्रंथ हाती घेताना विषय व प्रयोजन यांच्याबरोबर अधिकारी कोण, हे ते प्रथम विचारीत.

कायद्यानेही हा भार अखेर आईबापांवरच ठेवला आहे. १९५२च्या चलच्चित्र कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याच्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन भाग झाले; निव्वळ प्रौढांसाठी असलेला वर्ग निराळा राहिला. हे आकडे उपयोगाचे आहेत आणि परवानगी देण्यापूर्वी ते पाहिलेच पाहिजेत. पण तेरा वर्षांची सर्व मुले एका मनाची नसतात. एक मूल स्मशानाची गोष्ट ऐकून खुशाल झोपते. दुसरे, नुकतेच आजोबांस पोहोचवून आलेले, त्याच गोष्टीने आठ रात्री दचकून उठते. मंडळाला हे ठाऊक असणे शक्य नाही, आईला असते.

भय दाखविणेच मुळात वाईट, असे म्हणता येत नाही. भरतमुनींनी भयानकाला रसांत स्थान दिले. अभिनवगुप्तांनी त्याच्या आस्वादाचे उदाहरण म्हणून शाकुंतलातील, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण घेतले. ते भय ‘माझे’ही नाही आणि अमुक एका परक्याचेही नाही, म्हणूनच प्रेक्षक त्याचा आस्वाद घेऊ शकतो. उलट उदाहरण कोलकात्याच्या खिदिरपूरचे. ५ डिसेंबर १९४३ रोजी जपानी विमानांनी तेथील गोदीवर बॉम्ब टाकले व राबणारे मजूर प्राणांस मुकले. त्या दिवशी गोदीत जे भय होते त्यात रस कसला? पडद्यावरचे भय आणि अंगावर आलेले भय यांमधील हे अंतर प्रौढ मनुष्य सांभाळतो. किशोराचे शरीर वाढलेले असते, कल्पना तर प्रौढापेक्षाही तीव्र असते. परंतु ते अंतर राखण्याची शक्ती अजून पक्की झालेली नसते. दिवा मालवल्यावर ज्याचे अंतर नाहीसे होते, त्याला रस मिळाला नाही, नुसते भय मिळाले.

येथे एक आक्षेप येईल. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. मग मुद्दाम भय उत्पन्न करणारी वस्तू घरात आणावीच का? ह्याचे उत्तर गीतेतच, अकराव्या अध्यायात आहे. तेथे भगवंतांनी स्वतःच अर्जुनाला असे रूप दाखविले की त्या वीराचे मन भयाने व्याकुळ झाले. पण ते कसे दाखविले, हे पाहण्यासारखे आहे. अर्जुनाने स्वतः इच्छा व्यक्त केली होती. कोणी त्याच्यावर लादले नाही. पाहण्यापूर्वी त्याला दिव्य दृष्टी देण्यात आली. दाखविणारा सारा वेळ जवळच होता. आणि ‘आता पुरे’ असे अर्जुनाने विनविताच रूप आवरले गेले, सौम्य रूप पुन्हा पुढे आले व त्याला धीर देण्यात आला. भ्यालास म्हणून कोणी त्याला हसले नाही. हल्ली मित्रमंडळीत मुले भ्यालो नाही हे दाखविण्यासाठीच असे चित्रपट पाहतात. तेथे ह्या चारांपैकी एकही गोष्ट नसते.

खिदिरपूरचेच आणखी एक उदाहरण आठवते. मधुसूदन दत्त, रंगलाल आणि हेमचंद्र ह्या कवींच्या वास्तव्यामुळे त्या भागाला कवितीर्थ म्हणतात. मधुसूदनांच्या १८६१ सालच्या मेघनादवधाच्या आठव्या सर्गात श्रीराम प्रेतपुरीत उतरतात. ते वर्णन भीषणच आहे. परंतु रामांबरोबर वाट दाखविणारी मायादेवी आहे, जाण्याचे प्रयोजन लक्ष्मणाचे प्राण वाचविणे हे आहे, आणि तेथून परत येणे आहे. वेताळाच्या कथांचेही असेच. खांद्यावर प्रेत घेऊन राजा रात्री स्मशानातून चालतो, पण प्रत्येक कथा अखेरीस न्यायाच्या प्रश्नाशी येऊन थांबते, आणि ऐकणारे मूल भीती विसरून त्या प्रश्नाला लागते.

अर्थात कथेचे तात्पर्य चांगले असले म्हणजे ती मुलांना दाखविण्याजोगी झाली, असे नव्हे. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा ‘तुंबाड’ हे त्याचे उत्तम उदाहरण. कोकणातील ही कथा आरंभापासून अंतापर्यंत लोभाची आहे, आणि लोभ हे नरकाच्या तीन द्वारांपैकी एक, हे गीतेच्या वाचकास सांगावयास नको. बाप आपल्या मुलाला त्याच अंधाऱ्या विवरात उतरावयास शिकवितो. शेवटी बापाने देऊ केलेले सोने मुलगा नाकारतो. पित्यांनी जरूर पाहावा असा तो चित्रपट आहे. तथापि त्याला प्रमाणपत्र प्रौढांचे आहे आणि त्यातील बीभत्स दृश्ये पाहता ते योग्यच होय. अशी कथा मुलाला तोंडी सांगावी, चित्र काही वर्षे थांबू शकते.

यास्तव मातापितरांनी प्रथम स्वतः पाहावे. पाहताना रक्त किती सांडले ह्यापेक्षा, प्रेक्षकाचे मन कोणाच्या बाजूस ओढले जाते ते निरखावे. मरणाऱ्याविषयी करुणा उपजते, की मारणाऱ्याच्या कौशल्याचे कौतुक? थरारपटांत हे दुसरे फार आढळते, आणि ते भुताखेतांहून वाईट. भूत सकाळी विसरते, पण क्रौर्यात गोडी लागली तर ती मुरत जाते. विषयांचे चिंतन करता करता संग कसा जडतो, हे दुसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे.

मोबाइलवर एकट्याने, अंथरुणात, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले भय तर कोणत्याच वयाला मानवत नाही. तुकड्याला शेवट नसतो, म्हणून भीती मनात तशीच लोंबकळत राहते. बंगाली घरांत कालीपूजेच्या आदल्या रात्री भूतचतुर्दशीला चौदा दिवे लावतात. भुतांच्या गोष्टी निघतात त्या घरात सगळे जागे असताना, दिव्यांच्या उजेडात. चित्रपटही पाहावयाचा तर दिवसा, बैठकीच्या खोलीत, मोठ्यांसह पाहावा. आणि मूल मध्येच उठून आत गेले, तर त्याला हाक मारून परत बोलावू नये.